रेडिओवाल्यांचा हुकलेला चेंडू

उजव्या हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी आणि डावा हात तुमच्या तोंडासमोर उभा, चौकातला पोलीस धरतो तसा. "थांब. चेंडू पडू दे."

तुम्ही काय सांगायला आलात, याच्याशी त्या हाताला काही देणंघेणं नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी सगळ्यात आधी शेजारच्या रेडिओवाल्यांच्या दुकानात शिरलो. "अहो, माझं ल..." एवढंच तोंडातून निघालं आणि हात वर! मी बॉक्स धरून पुतळ्यासारखा उभा. टीव्हीवर बोलर धावत आला, त्याने चेंडू टाकला, बॅट्समनने तो सोडून दिला, कीपरने पकडला, तिथून चेंडू निवांत फिरत फिरत पुन्हा बोलरकडे पोचला. मग हात खाली आला.

"हं, काय म्हणत होतास? लग्न? कोणाचं?"

"माझं."

"अरे वा." पेढा तोंडात गेला. "मुलगी क्रिकेट बघते काय रे?"

नव्हती बघत. अजूनही बघत नाही. ते त्यांनी मनातून मला कधी माफ केलं नाही, पण माझ्या बायकोला तसं जाणवूही दिलं नाही. "त्यांना इतर चांगल्या सवयी असतील," एवढंच म्हणाले.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण रत्नागिरीत त्यांना नावाने कोणी ओळखतच नव्हतं. मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे रेडिओ गेले, टीव्ही आले, वडील गेले, हे बसले, पण दुकान रेडिओवाल्यांचंच राहिलं आणि हेही रेडिओवालेच राहिले. मला ते 'झेरॉक्स' म्हणत. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. मधल्या भिंतीत वायर जाण्यासाठी एक भोक होतं. त्या भोकातून स्कोअर यायचा.

आता तुम्हीही अशी क्रिकेटवेडी माणसं पुष्कळ पाहिली असतील. गल्लीगल्लीत असतात. पण त्यातल्या बहुतेकांचं एक ठरलेलं दुःख असतं: आम्हाला संधी मिळाली असती तर आम्ही कुठल्या कुठे गेलो असतो. गुडघा, वडील, निवड समिती, कोणीतरी आडवं आलेलं असतं. रेडिओवाल्यांना हे दुःख अजिबात नव्हतं. त्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती आणि धरायची त्यांना इच्छाही नव्हती. कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, "आमच्या घराण्यात कोणी खेळलं नाही. आम्ही बघणारे." एखादा गवई घराणं सांगतो ना, त्या थाटात!

या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे त्यांचे वडील. आणि गंमत बघा, या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकही मोठा सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता. ते रेडिओ दुरुस्त करायचे आणि दुरुस्त झालेल्या रेडिओवर कॉमेंट्री ऐकायचे. पण नुसतं ऐकून त्यांचं भागत नसे. कामाच्या टेबलावर खडूने एक मोठं लांबट वर्तुळ काढायचे, मध्ये पट्टी आखायची, आणि अकरा स्क्रू घेऊन ते वर्तुळात मांडायचे. हा कीपर, हा स्लिप, हा पॉइंट, हा मिडऑन. कॉमेंटेटर म्हणाला की मिडविकेटला मागे नेलंय, की इकडे बोटाने तो स्क्रू मागे सरकायचा. बॅट्समन म्हणजे दोन नट. आणि चेंडू कुठे गेला हे ऐकलं की ते टेबलावर बोट फिरवून दाखवायचे, "इथून गेला. दोघांच्या मधून. बघितलास?"

हे 'बघितलास' समोरच्या स्टुलावर बसलेल्या लेकाला. आणि लेक म्हणायचा, "बघितला." बघितलेलाच असायचा तो.

पुढे दुकानात टीव्ही आले तरी स्क्रूंची सवय सुटली नाही. पडद्यावर एका वेळी मैदानाचा तुकडाच दिसतो, असं रेडिओवाल्यांचं म्हणणं. कॅमेरा बॅट्समनच्या घामाकडे बघत बसतो आणि तेवढ्यात थर्डमॅन दहा पावलं पुढे येतो, ते कोण बघणार? म्हणून समोर टीव्ही, टेबलावर खडूचं मैदान, आणि मैदानात स्क्रू. त्यात दोष एवढाच की स्क्रू गिऱ्हाइकांचे असायचे.

माझ्या आईचा मिक्सर एकदा त्यांच्याकडे दुरुस्तीला होता. घरी आणला, चटणीला लावला, तर त्याने असा काही हादरा दिला की खोबरं आणि मिरच्या थेट छताला! तळाचा एक स्क्रूच जागेवर नव्हता. मी तडक दुकानात गेलो. रेडिओवाल्यांनी टेबलाकडे पाहिलं, बोटांनी मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे, तुझ्या आईचा स्क्रू गलीला उभा आहे." मग बॅट्समनची परवानगी घेतल्यासारखं दोन चेंडूंच्या मध्ये त्यांनी तो स्क्रू उचलला, त्या जागी शर्टाचं एक बटण ठेवलं आणि माझ्याबरोबर घरी येऊन तो स्वतः बसवून दिला. आईची हात जोडून माफी मागितली. वर म्हणाले, "काकू, चांगला आहे हो. एकही चेंडू सोडला नाही त्याने."

त्यांची दुसरी खोड यापेक्षा मोठी होती. दुरुस्त झालेला टीव्ही सामना संपेपर्यंत ते परत देत नसत. जोडी जमलेली असताना काहीही हलवायचं नाही, हा दुकानाचा कायदा. जो जिथे बसलाय त्याने तिथेच बसायचं, जो पाय वर घेऊन बसलाय त्याने पाय वरच ठेवायचा, आणि ज्या सेटवर जोडी जमली तो सेट जागचा हलणार नाही. कोणाचा का असेना! एकदा एका वकिलांचा सेट असा चार दिवस नाबाद होता.

पण मला आठवते ती मासळी बाजारातली मावशी. तिचा टीव्ही दुरुस्तीला आलेला आणि टेस्ट मॅच सुरू झालेली. पहिल्या दिवशी ती रिकामी टोपली कमरेला लावून दारात उभी राहिली.

"काय रे मेल्या, माझा टीव्ही झाला की नाय?"

"झाला मावशी."

"मग दे की!"

"देतो. एवढी जोडी फुटू दे."

"कोणाची जोडी? कोण नांदत नाय?"

स्टुलावर बसून तिने अर्धा तास आरडाओरडा केला. त्यात माझाही उद्धार झाला, कारण मी हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तासभर बसली. तिसऱ्या दिवशी टोपली बाहेर ठेवून पदर खोचून आत आली आणि टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत म्हणाली, "हा एकटाच इकडे कशाला उभा केलाय? चेंडू तर सगळे तिकडून जातायत." रेडिओवाल्यांनी कांडी खाली ठेवली. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसा एखादा मास्तर वर्गातल्या शेवटच्या बाकावर पहिला नंबर सापडल्यावर बघतो. खरंच, दोन षटकांनी कॅप्टनने तोच फिल्डर तिकडे हलवला. पाचव्या दिवशी मावशी चार बांगडे पानात बांधून घेऊन आली, आणि सामना अनिर्णित सुटल्यावर जी काही भडकली म्हणता!

"पाच दिवस खेळले नि कोणच जिंकला नाय?"

"नाही मावशी."

"पाच दिवस मी बाजारात भांडले असते, तर पाच वेळा निकाल लागला असता!"

टीव्ही घेऊन गेली. पण पुढच्या टेस्टला टीव्ही घरी ठेवून दुकानात यायला लागली. घरी म्हणे मजा येत नाही, घरी कोणी स्क्रू मांडत नाही.

आपला संघ हरायला लागला की दुकानातलं वातावरण बिघडायचं. तुम्हाला ठाऊकच आहे, अशा वेळी प्रत्येक माणूस निवड समितीत असतो. कोणी शिव्या घालायचा, कोणी "बंद करा तो टीव्ही" म्हणायचा. एकदा एकाने चप्पल फेकली आणि ती, नशीब बघा, वकिलांच्याच सेटला लागली. रेडिओवाल्यांनी चप्पल उचलली, त्याला नेऊन दिली आणि शांतपणे पायरीपर्यंत पोचवलं. मग परत येऊन बसले. समोरच्या संघाच्या एका पोराने शतक पुरं केलं तेव्हा अख्ख्या रस्त्यावर एकच टाळी वाजली. ती यांची. "आपल्याला धुतलं असेल, पण काय सुंदर धुतलंन," ते म्हणाले, "वाजवायला नको?"

सुंदर खेळाला टाळी, शेवटचा चेंडू पडल्याशिवाय उठायचं नाही, आणि न बघितलेल्या चेंडूबद्दल बोलायचं नाही. वडिलांनी घालून दिलेले तीन नेम. देवाधर्माचं ते फारसं करत नसत, सगळं या तिन्हींत आलं.

त्यातला तिसरा नेम त्यांना आमच्या भागात मोठी इज्जत देऊन गेला. रत्नागिरीच्या आसपास मे महिन्यात ज्या स्पर्धा होतात त्या तुम्ही पाहिल्या असतील. वाडीच्या वर कातळाचा सपाट सडा, त्यावर चुन्याच्या रेषा, एका बाजूला आंब्याच्या बागेचा दगडी गडगा, मुंबईहून आलेले चाकरमानी, टेनिसचा चेंडू, आणि घसा बसेपर्यंत कर्ण्यावरून चालणारी कॉमेंट्री. कातळावर पडलेला माणूस उठतो तेव्हा त्याचं कोपर कातळावरच राहिलेलं असतं. अशा प्रत्येक स्पर्धेला रेडिओवाले घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन जायचे, बहुतेक वेळा माझ्या स्कूटरवर मागे बसून. आणि मैदानावर भांडण झालं, चेंडू गडग्याला लागला की नाही, झेल टिपला की टप्पा, की दोन्हीकडचे लोक छत्रीकडे बघायचे. ते "लागला" म्हणाले की लागला. त्यांच्या 'लागला'वर कोणी अपील केलेलं मी ऐकलं नाही.

त्यांना एक मुलगी, वृंदा. ती दुकानातच वाढली म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की बापाच्या शेजारच्या स्टुलावर. माझ्याकडचे फसलेले झेरॉक्स ती न्यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर सामने लिहायची, चेंडू न् चेंडू. एका बाजूला कोणाचा तरी सातबारा आणि दुसऱ्या बाजूला मेलबर्न! बी.कॉम. झाली तेव्हा असे गठ्ठे माळ्यावर मावत नव्हते. तिची आई वैतागलेली. मला एकदा म्हणाली, "भावजी, घरात एक वेडं होतं ते कमी पडलं काय हो? बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून ही रेघोट्या मारते."

पण त्या रेघोट्यांची एक परीक्षा असते, हे वृंदाने शोधून काढलं होतं. तीत पास झालं की अधिकृत सामन्यांना स्कोअरर म्हणून बोलावतात. बघायचं आणि लिहायचं, आणि हेच काम! रेडिओवाल्यांना तिने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "म्हणजे नुसतं बघण्यासाठी खुर्ची देतात? सावलीत?"

परीक्षेला बसायला कोणा जाणकाराची शिफारस लागे. असे एक गृहस्थ रत्नागिरीत होते. बोलायला कडक, हसायला महाग. ते म्हणाले, "मे महिन्यातल्या स्पर्धेची फायनल लिहून दाखव. मी पाहुणा म्हणून येणारच आहे. वही बघेन. तीत एक चूक सापडली तर मला पुन्हा विचारू नकोस." झालं! आई म्हणाली, ठीक, ही वही फसली तर बँक. वृंदा म्हणाली, ठीक.

त्या फायनलला आम्ही तिघं गेलो, मी, ते आणि ती, माझ्या एकाच स्कूटरवर. कसे गेलो ते विचारू नका. वरची वाडी विरुद्ध खालची वाडी. बक्षीस म्हणजे एक ढाल आणि एक बोकड. मंडपात एका टेबलाशी वृंदा वही उघडून बसली. शेजारी ते कडक गृहस्थ, आणि टेबलाच्या पुढे, मंडपाकडे पाठ केलेल्या लाकडी फलकावर आकडे अडकवायला वरच्या वाडीतले एक निवृत्त मास्तर. रेडिओवाल्यांनी नेहमीसारखी गडग्याकडे खुर्ची टाकली नाही. मंडपाच्या बाजूला टाकली. मी विचारलं, "इथून तिरकं दिसतं ना?" तर म्हणाले, "आज ऊन फार आहे." छत्री डोक्यावर होती!

खालच्या वाडीने एकसष्ट धावा केल्या. वरच्या वाडीला बासष्ट हव्या होत्या. सामना असा काही रंगला की कॉमेंटेटर मध्ये मध्ये नुसताच किंचाळत होता. शेवटच्या चेंडूवर, फलकाप्रमाणे, दोन धावा हव्या होत्या. चेंडू गडग्याकडे गेला, दोघं जिवाच्या आकांताने पळाले, दोन झाल्या, आणि वरची वाडी मैदानात घुसली! ढोल, गुलाल, मास्तर फलक सोडून नाचायला पळाले, बोकडाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला.

आणि मंडपातून वृंदा उभी राहून म्हणाली, "थांबा. एकसष्टच झाल्यात. मॅच टाय आहे."

ढोल एकेक करून थांबले.

"टाय? फलकावर बासष्ट आहेत ना गो!"

"फलकावर आहेत. वहीत एकसष्ट आहेत. सातव्या षटकातल्या चौथ्या चेंडूवर दोन नाही, एकच धाव. एक शॉर्ट होती."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या धावेसाठी वळताना बॅट रेषेच्या अलीकडेच टेकवली तर ती धाव धरत नाहीत. अंपायर खांद्याला बोटं लावून तशी खूण करतो. आता झालं होतं असं की त्याच चेंडूवर पलीकडच्या टोकाला धावबादचा आरडाओरडा झाला. अख्खं मैदान तिकडे बघत होतं. अंपायरची खूण कोणालाच दिसली नव्हती. खालच्या वाडीलासुद्धा नाही.

"अंपायरला विचारा!" कोणीतरी ओरडलं.

अंपायर आला. आमच्याकडे फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एक गडी अंपायर होतो, तसा हा वरच्या वाडीचा. त्याने एकदा गुलालाने माखलेल्या आपल्या लोकांकडे पाहिलं, एकदा बोकडाकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मला काय आठवत नाय बुवा."

मग व्हायचं तेच झालं. गर्दी टेबलाभोवती गोळा झाली. "पोरीला कशाला बसवलंत?" "झोप लागली असेल." "टीव्हीवरची मॅच वाटली काय गो तुला?" वृंदाने वहीवर हात घट्ट ठेवलेला. ते कडक गृहस्थ खिशातून चष्मा काढून पुसत होते, आणि मला ते पुसणं अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला, "अरे भांडता कशाला? रेडिओवाले बसलेत ना! त्यांना विचारा!"

मला एकदम हायसं वाटलं. दोन्ही वाड्या मागे सरल्या. खालच्या वाडीचा कॅप्टन म्हणाला, "काका, तुम्ही सांगाल ते मान्य." वरच्या वाडीचा कॅप्टन, क्षणभर थांबून, म्हणाला, "आम्हालाही. तुम्ही मुलीसाठी खोटं बोलणार नाय, ठाऊक आहे."

एका शब्दाचं काम होतं, मंडळी. 'शॉर्ट.' संपलं.

रेडिओवाले उठले. छत्री मिटली. सावकाश मिटली. आणि म्हणाले, "मी तो चेंडू बघितला नाही."

लोक हसले. कॉमेंटेटर म्हणाला, "काका, थट्टा नको, सामना खोळंबलाय."

"थट्टा नाही. मी तेव्हा हिच्याकडे बघत होतो. हिचं पेन अडलं होतं. ही पेन झटकत होती. शाई उतरते की नाही ते बघत बसलो."

अरे देवा! नुसतं 'बघितलं नाही' म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. वर पेनाचीही साक्ष देऊन मोकळे झाले! आता गर्दीला जे हवं होतं तेच मिळालं. "म्हणजे ती पेन झटकत होती!" "मग हिने तरी कुठे बघितलं?" मला वाटलं, जाऊन या माणसाचं तोंड दाबावं. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्याला गप्प करत आला, आणि आज नेमका बोलला.

ते मात्र खाली मान घालून उभे होते. सत्तरीकडे आलेला माणूस मी प्रथमच शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलेला पाहिला.

वृंदाने बापाकडे पाहिलं. रागाने नाही. मग अंपायरकडे वळली.

"दादा, मी पेन झटकत होते. पण मान वर होती. बोलरने ओव्हरच्या सुरुवातीला आपली टोपी तुमच्याकडे दिली होती, निळी. बॅट्समन पहिली धाव घेऊन तुमच्या टोकाला आला. त्याचा बूट खडीवरून घसरला. त्याने बॅट टेकली ती रेषेच्या वीतभर अलीकडे. तुम्ही वाकून बघितलंत. पलीकडे धावबादचा गोंधळ चालला होता. तो संपेपर्यंत तुम्ही थांबलात. टोपी तुमच्या उजव्या हातात होती, ती काखेत मारलीत, आणि खांद्याला बोटं लावलीत. माझ्याकडे बघून लावलीत. मी हात वर केला. तुम्ही मान डोलावलीत, आणि टोपी काखेतून खाली पडली. ती उचलून फुंकलीत."

मैदानावर एवढी शांतता पसरली की बोकड हार खात होता तेही ऐकू येत होतं.

अंपायरच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तो मोठ्यांदा हसला. "फुंकली होती खरी. च्यायला, ही पोर आहे की कॅमेरा?" आणि आपल्या वाडीकडे वळून म्हणाला, "चला रे, उतरवा तो हार. शॉर्ट होती."

टाय म्हणजे एकेक षटक पुन्हा खेळायचं. खेळले. जिंकली वरची वाडीच! तोच बोकड, तोच गुलाल, फक्त हार अर्धा संपलेला. मला तर वाटलं, एवढा तमाशा झाला तो कशासाठी? पण त्या कडक गृहस्थांनी वही मागून घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली, मिटली आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. दोन पेनं घेऊन ये."

निघायच्या आधी मी रेडिओवाल्यांना बाजूला घेतलं. "अहो, 'बघितला' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? पोरीचं नशीब टांगणीला होतं!"

"न बघितलेला बघितला म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर आजवर बघितलेल्यांचं काय झालं असतं?" मग नेहमीच्या मिश्किल आवाजात, "आणि ती बरोबर असणार हे ठाऊक होतं मला."

"कशावरून?"

"शिकवलंय कोणी?"

वृंदा परीक्षा पास झाली. पुढे मोठ्या मैदानांवर काचेच्या खोलीत बसून लिहू लागली. टीव्हीवर ती कधीच दिसत नसे. पण तिचा सामना असला की रेडिओवाले पडद्यावरच्या स्कोअरच्या पट्टीला बोट लावून दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "हा आकडा आमच्याकडचा." टीव्ही दुरुस्त करून घेणारे लोक तोवर संपले होते. नवे टीव्ही बिघडले की लोक बदलतात. ते चार्जर आणि मिक्सर दुरुस्त करत बसायचे.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेत, सकाळच्या सुमाराला. शेजारच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान नवं झालं तेव्हा भिंतीतलं ते भोक बुजवलं.

माझ्याकडे त्यांचे फोटो आहेत, दोनचार. पण डोळे मिटले की मला ते दिसतात ते त्या फायनलच्या संध्याकाळी. लोक बोकडासकट निघून गेले होते. सड्यावर वारा सुटला होता आणि खाली समुद्र तांबूस झाला होता. मी स्कूटर वळवून उभा होतो आणि ही बापलेक काही येईनात, म्हणून मागे गेलो. वृंदा टेबलाशी वही पिशवीत भरत होती. ते तिच्यासमोर मास्तरांच्या बाकावर बसले होते, चष्मा काढून गुडघ्यावर ठेवलेला.

"बायो," ते म्हणाले, "तो चेंडू सांग."

"कुठला?"

"माझा गेला तो."

तिने वही पुन्हा बाहेर काढली नाही. तशीच सांगू लागली. बोलर कसा आला, चेंडू कुठे पडला, कातळावरून किती उडाला. त्यांनी डोळे मिटले. "मिडविकेट कुठे होता?" मध्येच विचारलं. "गडग्याला टेकून," ती म्हणाली, "तंबाखू मळत होता, म्हणून उशिरा धावला." ते हसले. "मग?" मग तिने बूट घसरलेला सांगितला, बॅट सांगितली, वीतभर जागा सांगितली.

ती थांबली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात तेवढा पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला.

"हं," ते म्हणाले. "आता बघितला."